एकही दरज रिकामी नाही

त्या गल्लीत पाऊस फक्त वरून ऐकू यायचा. छपरांवर, छत्र्यांवर, उभ्या गाड्यांच्या टपांवर तो वाजायचा आणि जमिनीला टेकला की गप्प व्हायचा. कुठे ओहोळ नाही, डबकं नाही, गटाराच्या तोंडाशी घोंघावणं नाही. फरसबंदीच्या ब्लॉकांमध्ये बोटभर दरजा सोडलेल्या होत्या. त्यांतून पाणी खाली उतरायचं, खालच्या जाड खडीत मुरायचं आणि मग सवडीने मातीत जायचं. ही गल्ली बाबांनी घातली होती. पावसात दाराशी उभे राहून ते मुलीला म्हणायचे, "ऐक. काही ऐकू येतंय? नाही ना? तेच माझं काम."

आता बाबा नव्हते. आणि परवाच्या मोठ्या पावसात गल्ली घोट्याएवढी भरली होती.

गल्लीला उतार होता आणि उताराच्या टोकाला तळघरात शिंप्याचं दुकान. पाणी पायऱ्या उतरून आत गेलं. शिवायला आलेले कपडे, अस्तराचे गठ्ठे, दोन मशिनी, सगळं भिजलं. शिंप्याने तक्रार केली आणि त्यात त्याचं काही चुकलं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. म्हणून आज पालिकेच्या इंजिनिअरबाई येणार होत्या. गल्लीवर पाणी ओतून बघायचं. उतरलं, तर गल्ली राहील. नाही उतरलं, तर उखडून वर सपाट काँक्रीट.

"तू बाहेर जाऊन नुसती उभी राहा," आई म्हणाली. ती खिडकीशी बसून होती आणि बाहेर यायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं. "बोलायचं काही नाही."

"विचारलं तर?"

"विचारतील कशाला? तू काय रस्ते घालतेस?"

मुलगी चाळिशी ओलांडलेली होती. घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, आणि उरलेल्या वेळात वाचायची. बाबा तिला पुस्तकी म्हणत. "आमची पुस्तकी काय म्हणते?" असं विचारत, आणि ती म्हणेल त्याच्या उलट करत. बाबांची शेवटची दोन वर्षं निभावली गेली, ती मुलगी घरात असायची म्हणूनच. त्या वर्षांबद्दल आईने गल्लीत कुणाला अवाक्षर कळू दिलं नव्हतं, आणि आजही कळू द्यायचं नव्हतं.

गल्ली घातली तेव्हा बाबा साठी उलटलेले. जन्मभर त्यांनी साधी फरसबंदी केली. खाली वाळू, वर ब्लॉक, दरजांत पुन्हा बारीक वाळू, झाडूने घोळवायची, धुमसाने ठोकायची, पुन्हा घोळवायची. दरज इतकी गच्च भरायची की सुरीचं टोक शिरता कामा नये. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग पालिकेने पाणी मुरवणाऱ्या रस्त्याचा एक नमुना करायचं ठरवलं. जमला तर उतारावरच्या बाकीच्या गल्ल्याही तशाच. शिकायला बाबा आणि त्यांचा जोडीदार गेले. या जोडीदाराला सगळे लेव्हल म्हणत, कारण चहाचा कप ठेवायच्या आधीसुद्धा तो टेबल सपाट आहे का ते बघायचा.

पहिल्याच दिवशी बाबा वैतागून घरी आले. "वाळूवर आयुष्य काढलं, आता म्हणतात वाळूला शिवू नका. खाली खडी, वर खडी, दरजांत धुतलेली बारीक खडी. वाळूचा कण दिसला तर म्हणे सगळं फुकट. म्हातारपणी बायको बदला म्हणण्यातलाच प्रकार."

"बदला की," आई आतून म्हणाली. "बघते कोण घेतंय."

पण त्यांनी शिकून घेतलं. आणि एकदा पटल्यावर ते इतके कट्टर झाले की वाळूची गाडी गल्लीवरून जाऊ देत नसत. पावसाळाभर दुकान कोरडं राहिलं त्या पहिल्या वर्षी शिंपी मिठाईचा पुडा घेऊन आला. बाबा त्याला म्हणाले, "पुडा ठेव, पण मला वाईट वाटतंय. तुझ्या तळघरात मासे छान पोसले असते. कपड्यांपेक्षा तो धंदा बरा होता."

"मी शिवलेली एक पँट घाला आधी, मग धंद्याचं बोला," शिंपी म्हणाला. बाबा सगळ्या पँटी तयार घ्यायचे, हा त्याचा जुना राग.

मग बाबांना विसरायला व्हायला लागलं. आधी चाव्या, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, नवं आहे ते आधी जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील. मुलीने याबद्दल पुष्कळ वाचलेलं होतं, त्याचा शून्य उपयोग झाला. दुपार झाली की बाबा अस्वस्थ व्हायचे. "माणसं खोळंबलीत," म्हणायचे, बूट चढवायचे, दार उघडलं नाही तर दारावर मुठी मारायचे. एकदा मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि गाड्यांच्या मधोमध उभं राहून हाताने रहदारी थांबवायला लागले, तिथे काम चालू आहे असं समजून. आईच्या हाताला त्यांनी धरलेल्या जागी काळंनिळं झालं होतं. ती भर उकाड्यात लांब बाह्यांचं घालून दुकानात गेली.

घरामागच्या खोपट्यात वाळूचं एक जुनं पोतं होतं. एका दुपारी ते त्यांच्या हाती लागलं. त्यांनी बादली भरली, झाडू घेतला, तारेचा एक आकडा वाकवला आणि दाराबाहेर गुडघ्यांवर बसले. आकड्याने दरजेतली खडी उकरून काढली. मुलगी धावत गेली तेव्हा ते चिडलेले होते, पण ती चीड कामावरची, निरोगी, जुनी चीड होती.

"हे कुठल्या गाढवाने भरलंय?" ते म्हणाले. "दरजेत खडी भरतात?"

ज्या गाढवाने भरलं होतं त्याचे पांढरे केस तिच्यासमोर वाकलेले होते. त्यांवर ऊन पडलं होतं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

"शिकवलं नाही कुणी. जाऊ दे. होईल."

ते वाळू घोळवू लागले. डाव्या हाताने ओतायची, उजव्याने झाडू तिरका ओढायचा. खांदे खाली आले. जबडा सैल झाला. थोड्या वेळाने ते गुणगुणायला लागले, आणि खिडकीत उभी असलेली आई खुर्चीवर बसली. दुपारी ती बसली, असं कित्येक महिन्यांनी घडत होतं.

मुलीला ठाऊक होतं की वाळू म्हणजे या गल्लीचं मरण. गल्ली घालताना बाबांनीच तिला ते दहादा सांगितलं होतं. तिला वाटलं, आपल्या दारापुरतंच तर आहे. मग ते शेजारच्या दारी सरकले. तेव्हा तिला वाटलं, गल्ली केवढी, माणूस एकटा, म्हातारा. मग पोतं संपलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा दारावर मुठी सुरू झाल्या, आणि तिने फोन उचलून वाळू मागवली. बारीक हवी की जाडी, असं दुकानदाराने विचारलं. "बारीक," ती म्हणाली. जाडीने त्यांचं समाधान झालं नसतं.

गल्लीला कौतुक वाटलं. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसत नाहीत, स्वतःच्या कामाची देखभाल करतोय, असं लोक म्हणाले. कुणी चहा आणून द्यायचं. शिंपी तर दुपारचा वर येऊन त्यांची बादली धरून उभा राहायचा. बाबा त्याच्याशी फार बोलायचे नाहीत. शिंप्याला वाटायचं, म्हातारा कामात आहे. तो कोण हे बाबांना आठवत नव्हतं, एवढंच.

असं करत बाबा उताराच्या टोकापर्यंत पोचले. शिंप्याच्या पायरीपाशी शेवटच्या दरजा भरल्या, उठले, कंबरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि म्हणाले, "झालं." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. खोपट्यात वाळूचं एक पोतं उघडून अर्धं झालेलं तसंच राहिलं.

इंजिनिअरबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात चिखलाचे बूट. नमुन्याची ही गल्ली त्यांनीच वरच्यांशी भांडून मंजूर करून घेतली होती. लेव्हलही आला होता, कुणी बोलावलं नसताना, इस्त्रीचा शर्ट घालून. शिंपी पायऱ्यांपाशी उभा. त्याच्या मागे दोरीवर भिजलेल्या अस्तरांचे लांबच लांब पट्टे अजून वाळत होते.

बाईंनी मोठ्या पाइपाचं एक कडं ब्लॉकांवर ठेवलं, कडेने पुट्टी दाबली आणि आत पाणी ओतलं. धड असलेल्या गल्लीत ते ओततानाच दिसेनासं व्हायला हवं होतं. ते कड्यात थांबलं. त्यात आकाश दिसायला लागलं. एक ढग आला, कड्याच्या या काठावरून त्या काठाला गेला.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने शेजारची दरज उकरली आणि टोकावरची बारीक पिवळी वाळू बोटाने चोळली. "वाळू. इथे वाळू कुणी भरली?"

लेव्हल खाली वाकला, दरजेवरून अंगठा फिरवला आणि तसाच वाकून राहिला. भरणाऱ्याचा हात त्याच्या ओळखीचा होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मी भरली," तो म्हणाला. "खडी कमी पडली होती तेव्हा. वरून वाळू मारली. त्याला कळू दिलं नाही."

"एवढी वर्षं मग पाणी कसं उतरत होतं?"

"आता कसं सांगू, बाई. उतरत होतं खरं."

"काहीतरीच काय," शिंपी म्हणाला. "अहो, त्यानेच भरली. मी रोज बघत होतो, बादली धरून उभा असायचो. सबंध गल्लीने बघितलंय." तो मुलीकडे वळला. आवाज चढलेला नव्हता. "रस्ता त्याने घातलेला. काय केल्याने बुजेल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्याच हातात बादली देऊन माझंच दुकान बुडवलं त्याने? का? एक पँट शिवून घेतली नाही म्हणून मी चिडवायचो, म्हणून?"

"तोंड सांभाळ," लेव्हल म्हणाला.

"मग तू सांग का."

मुलीने खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता आणि पडद्यामागे आई होती. दोनच वाटा होत्या. गप्प राहिलं तर बाबा लबाड ठरत होते, नाहीतर लेव्हल. बोललं तर आईने दोन वर्षं लांब बाह्यांखाली झाकून ठेवलेलं सगळं भर रस्त्यावर येत होतं. आणि एक आशा होती, लहानशी, पण होती. रोग कळला, दोष रस्त्याचा नव्हता हे पटलं, तर गल्ली वाचेल.

"बाबा आजारी होते," ती म्हणाली. "त्यांना काही आठवत नव्हतं. काका, तुम्ही कोण हेही नाही. जुनं काम तेवढं हातात राहिलं होतं. ते केलं की शांत असायचे, नाही केलं की आईला मारायचे. वाळू मी आणून दिली. काय होणार ते मला माहीत होतं."

पडद्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आतलं दार लागल्याचा.

शिंप्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "बादली मी धरली गं."

इंजिनिअरबाईंनी कडं काढलं. अडकलेलं पाणी ब्लॉकांवर पसरलं आणि उताराने निघालं. "वरची दोन बोटंच बुजली असतील तर हे साफ होतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दरजा शोषून काढणारी गाडी असते. वाळू ओढून घ्यायची, नवी खडी भरायची. खाली सगळं धड असणार, काम चांगलं आहे. मी मांडते वर. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

शेवटचं वाक्य मुलीने पुढचे काही दिवस जवळ बाळगलं. आई बोलत नव्हती. म्हणजे जेवायला वाढलंय, दुधवाला आलाय, एवढं बोलायची. बाबांबद्दल नाही. त्यांच्या खुर्चीवर तिने घडी घातलेल्या चादरी ठेवायला सुरुवात केली. एकदा फक्त म्हणाली, "शेजारीण आज माझा हात हातात घेऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, तुम्ही किती सोसलंत." ताट पुसता पुसता ती थांबली. "आता ह्यांचं नाव काढलं की लोकांना ते आठवायचं. गल्ली नाही."

"गल्ली वाचेल, आई."

"वाचू दे तर मग."

इंजिनिअरबाई स्वतः आल्या, फोनवर सांगितलं नाही. चहा नको म्हणाल्या, उभ्यानेच बोलल्या. "मी जे घडलं ते सगळं सांगितलं. तेच अंगावर आलं." त्यांनी बुटांकडे पाहिलं. "एका म्हाताऱ्या माणसाच्या विसरभोळेपणाने जो रस्ता बुजतो, तो शहरात घालायचा कसा, असं वरचे म्हणाले. म्हातारे सगळ्याच गल्ल्यांत असतात म्हणे. ही उखडायची. आणि बाकीच्या गल्ल्यांचंही रद्द."

"आणि मी बोलले नसते तर?"

"तर काम खराब झालं असं म्हणून एवढी एक उखडली असती. बाकीच्या कदाचित झाल्या असत्या."

त्या गेल्यावर मुलगी दार लावायचं विसरली. आई येऊन लावून गेली. एकीने नवऱ्याची अब्रू गमावली होती, दुसरीने ती देऊन टाकली होती, आणि बदल्यात कुणाच्याच हाती काही पडलं नव्हतं.

उखडायची गाडी आली त्या सकाळी लेव्हल पुन्हा आला. या वेळी शर्ट रोजचाच होता. गाडीचा दात ब्लॉकांखाली शिरेना. एक ब्लॉक उचलला जाईना, उचलला तर पाच-सहा एकमेकांना घट्ट धरून वर येत. गाडीवाला वैतागून खाली उतरला. "काय डिंकाने चिकटवलंय का?"

लेव्हल त्या उचललेल्या तुकड्याशी गुडघ्यांवर बसला. "इकडे ये, बेटा," त्याने मुलीला हाक मारली. त्याने खिशातली छोटी सुरी काढून टोक एका दरजेवर टेकवलं. शिरलं नाही. दुसरीवर टेकवलं, तिसरीवर. "बघ कसं भरलंय. एकही दरज रिकामी नाही. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा आम्हा दोघांना मिळून असं भरता आलं नाही." तो हसत होता आणि नाक पुसत होता. "ठार मारलीस की रे, मित्रा. पण काय सफाईने मारलीस."

खाली, ब्लॉकांच्या जागी उघडी पडलेली खडी राखाडी, धुतलेली, घातली त्या दिवशीसारखी. लेव्हलने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. ते गेलं. थांबलं नाही, चमकलं नाही, आवाज केला नाही. त्याने बाटली संपेपर्यंत ओतलं. दोघे खाली बघत राहिले.

"बाजूला व्हा," गाडीवाला म्हणाला. ते बाजूला झाले.

काँक्रीट छान गुळगुळीत झालं. पोरं त्यावर सायकली शिकली. मग एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळायला लागला, आणि गल्ली खालून बोलू लागली. आधी कुजबुज, मग खळखळ. मुलगी मुद्रितांवरून मान वर करून ऐकत राहिली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराशी उभी राहिली, जिथे बाबा उभे राहायचे तिथे. तिनेही ऐकलं.

"शिंप्याकडे जाईल," ती म्हणाली.

मुलगी खोपट्यात गेली. अर्धं पोतं दमट होऊन दगडासारखं जड झालं होतं. तिने ते कवेत घेतलं आणि उताराने निघाली, पाणी तिच्या पायांपुढे धावत होतं. शिंपी पायऱ्यांच्या तोंडाशी फळ्या लावत होता. त्याने पोत्याकडे पाहिलं. काय आहे ते त्याला विचारावं लागलं नाही.

"आण," तो म्हणाला. "ह्या कोपऱ्यात."

दोघांनी मिळून ते फळीला टेकवून दाबून बसवलं. शिंप्याने पायाने ठोकलं, वाळू फटीत सारली, पुन्हा ठोकलं. थोडा वेळ पाणी थांबलं, चढत राहिलं. मग पोत्यावरून एक पातळ, सपाट धार पहिल्या पायरीवर उतरली.